कुरळे केस, जड पाणी आणि ‘देवीची जट’: शिरूर-दौंडमध्ये कुरळे केस कसे सांभाळायचे?

आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या कुरळ्या केसांत मानेजवळ एक गुंता होतो. फणी अडकते, मुलगी रडते, म्हणून तेवढा भाग सोडून बाकीचे केस विंचरले जातात. पंधरा दिवसांनी तो गुंता घट्ट होतो. घरात आलेली एखादी वयस्कर बाई म्हणते, “ही जट आहे. देवीची आहे. कात्री लावू नका.” मग एका न विंचरलेल्या गुंत्यावरून त्या मुलीची शाळा, तिचं लग्न आणि तिचं पुढचं आयुष्य ठरायला लागतं.

हे जुन्या काळातलं वाटत असेल, पण पुणे जिल्ह्यात जटा कापण्याचं काम आजही सुरू आहे. दुसरीकडे त्याच जिल्ह्यातल्या मुली इन्स्टाग्रामवर ‘कर्ली हेअर रुटीन’चे रील पाहतात आणि दोन हजारांच्या क्रीम विकत घेतात. तरी बोअरच्या पाण्याने केस राठच राहतात. शेवटी कंटाळून त्या पार्लरमध्ये स्मूदनिंग करून घेतात.

या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. कुरळे केस कसे असतात आणि त्यांची निगा कशी राखायची, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तेच आपण इथे समजून घेऊ.

केस कुरळे का होतात?

केस कुठल्या आकाराचा उगवणार, हे त्वचेखाली त्याच्या मुळाशी, म्हणजे केशकूपात ठरतं. केशकूप सरळ असेल तर केसही साधारण सरळ उगवतो. तो वाकडा असेल तर केस वळण घेतच बाहेर येतो. कुरळा केस कापून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल दिसत नाही, चपटा किंवा लंबगोल दिसतो. त्यात केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनातले गंधकाचे बंध तो आकार धरून ठेवतात.

हे बरंचसं आनुवंशिक असतं. त्यामुळे “तेल लावत नाही म्हणून केस असे झाले” किंवा “सारखे विंचरले की सरळ होतील” या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. वय वाढताना, बाळंतपणानंतर किंवा काही औषधांमुळे केसांचं वळण थोडं बदलू शकतं. विंचरण्याने मात्र ते बदलत नाही.

कुरळ्या केसांच्या बहुतेक तक्रारी या वळणातूनच येतात. डोक्याच्या त्वचेतून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. वळणावळणाच्या केसावरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून टाळू तेलकट आणि टोकं कोरडी, असं दिसतं. केसावर माशाच्या खवल्यांसारखा एक थर असतो. प्रत्येक वळणावर हे खवले थोडे उचललेले असतात, त्यामुळे केस एकमेकांत लगेच अडकतात. कुरळ्या केसांत गुंता जास्त होतो तो याच कारणाने. त्यात मुलीच्या आळशीपणाचा संबंध नाही.

मग कुरळे केस ही कमतरता आहे का?

नाही. २०२३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ टीना लसिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शरीरासारखी उष्णता देणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर त्यांनी सरळ, मध्यम कुरळ्या आणि अगदी घट्ट कुरळ्या मानवी केसांचे टोप घातले आणि वरून उन्हासारख्या दिव्यांचा झोत सोडला. सगळ्याच केसांनी डोक्याला उन्हापासून वाचवलं, पण सगळ्यात चांगलं काम घट्ट कुरळ्या केसांनी केलं. विषुववृत्ताजवळच्या उन्हात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना अशा केसांचा उपयोग झाला असावा, असं या संशोधकांना वाटतं.

घट्ट कुरळे केस आपल्यापासून फार लांबही नाहीत. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले, त्यातल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला शाळेच्या इतिहासात भेटतात. शिरूरच्या शेजारच्या अहिल्यानगरची निजामशाही सांभाळणारा मलिक अंबरही मूळचा इथिओपियाचा. म्हणजे आफ्रिकेशी आपलं नातं जुनं आहे. शिवाय असं नातं नसलेल्या असंख्य मराठी घरांतही कुरळे केस पिढ्यानपिढ्या आहेतच.

रीलमधलं ‘टू-सी’, ‘थ्री-ए’ म्हणजे काय?

अमेरिकेतले केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांचे चार प्रकार लोकप्रिय केले. १ म्हणजे सरळ, २ म्हणजे लाटांसारखे, ३ म्हणजे कुरळे आणि ४ म्हणजे अगदी घट्ट कुरळे. प्रत्येकाचे पुढे ए, बी, सी असे उपप्रकार केले जातात. आपल्याकडे २ आणि ३ मधले केस भरपूर दिसतात.

हे वर्गीकरण वैद्यकीय नाही. एकाच डोक्यावर पुढे लाटा आणि मागे कुरळे केस असू शकतात. त्याचा उपयोग एवढाच की कुणाचा सल्ला आपल्याला लागू पडेल, याचा अंदाज येतो. घट्ट कुरळ्या केसांच्या कृष्णवर्णीय मुलीने दाखवलेलं जाड शिया बटर आपल्या बारीक, लाटांसारख्या केसांना चिकट आणि जड होऊ शकतं.

शिरूर-दौंडच्या पाण्याचा केसांशी काय संबंध?

भीमा आणि घोड नद्या, चासकमान आणि खडकवासल्याचे कालवे असले तरी या दोन्ही तालुक्यांत अनेक घरांत वापराचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असतं. काळ्या पाषाणातून झिरपत आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. साबणाला फेस येत नसेल, डाळ लवकर शिजत नसेल, नळाच्या तोंडाला आणि बादलीला पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचा आकडा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कळतो.

बादलीला धरतो तसा थर केसांवरही बसतो. त्यामुळे केस राठ लागतात, चमक जाते आणि गुंता वाढतो. मात्र “बोअरच्या पाण्याने टक्कल पडतं” हे सिद्ध झालेलं नाही. मूठ-मूठ केस गळत असतील तर पाण्याला दोष देत न बसता रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

जड पाण्यावर उपाय काय?

- टाळू आणि केस नेहमीच्या पाण्याने धुवा. शेवटचे दोन-तीन तांबे मात्र हलक्या पाण्याचे घ्या. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं स्वच्छ पाणी उत्तम. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या.
- घरात आरओ असेल तर शुद्ध झालेलं पाणी वापरा. बाजूच्या पाइपातून वाया जाणारं पाणी बरेच जण आंघोळीला घेतात. त्यात क्षार आणखी जास्त असतात, ते केसांना नको.
- उकळल्याने जडपणाचा काही भागच कमी होतो. पाणी निवल्यावर वरचं घ्या, तळाचा पांढरा गाळ ठेवून द्या.
- तुरटीने गढूळपणा खाली बसतो. क्षार जात नाहीत.
- एक लिटर पाण्यात एक-दोन चमचे व्हिनेगर घालून पंधरवड्यातून एकदा केसांवरून ओता आणि नंतर साध्या पाण्याने धुवा. टाळूवर जखम किंवा खाज असेल तर हा उपाय टाळा.
- महिन्यातून एकदा ‘क्लॅरिफायिंग’ किंवा ‘चिलेटिंग’ शाम्पू वापरता येतो. क्षार धरून ठेवणारा ईडीटीए हा घटक बाटलीच्या मागे लिहिलेला असतो.

कुरळे केस धुवायचे आणि विंचरायचे कसे?

२००१ मध्ये लॉरेन मॅसी यांच्या ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकातून कुरळ्या केसांची एक वेगळी पद्धत जगभर पोहोचली. आपले हवामान, पाणी आणि खिसा लक्षात घेतला तर त्यातलं एवढं पुरेसं आहे.

१. तेल धुण्याआधी लावा. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झालं. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवा, पण खोबरेल केसाच्या आत शिरतं हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. धुण्याआधी दोन-तीन तास लावलं तरी चालतं. कोंडा असेल तर टाळूवर तेल मुरवत ठेवू नका, कोंड्याशी संबंधित बुरशी त्यावर वाढते.

२. शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. आठवड्यातून एक-दोनदा धुणं बहुतेकींना पुरतं. ऊसतोडणीच्या आणि गुऱ्हाळांच्या हंगामात काजळी उडते, एमआयडीसीच्या रस्त्यावर दुचाकीवरून रोज धूळ बसते. तेव्हा एखादा वार वाढवा. शिकेकाई-रिठा वापरत असाल तर पाणी नीट गाळून घ्या. भुकटीचे कण कुरळ्या केसांत अडकून बसतात.

३. विंचरा ते ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांतच. कुरळ्या केसांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. कोरड्या केसांत बारीक फणी घातली तर केस तुटतात आणि पिंजल्यासारखे फुगतात. आधी बोटांनी, मग जाड दातांच्या कंगव्याने सोडवा. सुरुवात टोकापासून करा आणि हळूहळू वर जा. मुळापासून खाली ओढलं की सगळे छोटे गुंते एका ठिकाणी जमतात. कंडिशनर नसेल तर थोडं तेल चालेल.

४. टॉवेलने चोळू नका, झटकू नका. जुन्या सुती टी-शर्टने किंवा मऊ पंचाने केस खालून वर दाबून पाणी टिपा.

५. जवसाची जेल घरी करा. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं दाट झालं की गरम असतानाच गाळा, गार झाल्यावर गाळलं जात नाही. ओल्या केसांना लावून वळणं मुठीत दाबा. ही जेल फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. चटणीसाठी आणलेल्या जवसात भागतं.

६. घट्ट बांधू नका. रोज ताणून घातलेल्या वेण्या किंवा अंबाडा यांनी कपाळाजवळचे केस विरळ होतात. ताण वर्षानुवर्षं राहिला तर ते परत येत नाहीत.

७. झोपताना सैल वेणी घाला. सुती अभ्र्यावर केस घासले जातात. जुन्या रेशमी साडीचा, जरीचा भाग काढून शिवलेला अभ्रा त्यापेक्षा बरा.

पहिल्या दोन-तीन धुण्यांत फार फरक दिसणार नाही. महिनाभर करून पाहा.

गुंत्याची जट कशी होते?

आपले रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. सरळ केस खाली पडतात, कुरळ्या केसांतले बरेच तिथेच अडकून राहतात. विंचरणं थांबलं तर हे सुटे केस बाकीच्या केसांना पीळ घालतात. त्यात तेल, घाम, धूळ, हळद-कुंकू बसत जातं. ओलं होऊन वाळताना उचललेले खवले एकमेकांत रुततात आणि लोकरीचं घोंगडं बनावं तसा केसांचा घट्ट गोळा तयार होतो. हीच जट.

आजारपणात बरेच दिवस अंथरुणावर असलेल्या, नैराश्यात स्वतःकडे लक्ष न देऊ शकणाऱ्या किंवा उवांनी बेजार झालेल्या कुणाच्याही डोक्यात ती होऊ शकते. कुरळ्या केसांत ती लवकर होते, एवढंच.

खरा त्रास पुढे होतो. जट देवीची मानली की ती धुवायची नाही, विंचरायची नाही, कापायची नाही. वर्षं जातात, वजन वाढतं. मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही, आत ओल राहून वास येतो, उवा आणि जखमा होतात. बाई देवीची म्हणून लोक पाया पडतात आणि त्याच कारणाने तिचं लग्न होत नाही. अशा मुलींना यल्लम्माच्या नावाने सोडण्याची प्रथा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर होती. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले.

जट कापली तर काही होतं का?

त्वचेच्या बाहेर आलेल्या केसात रक्त नसतं, मज्जातंतूही नसतात. तो कापताना दुखत नाही आणि कापल्याने कुणी आजारी पडत नाही. जट कापल्यावर डोकं एकदम हलकं वाटतं, तोल वेगळा जाणवतो. इतक्या वर्षांचं वजन गेल्यावर तसं होणारच. त्याचा अर्थ ‘देवीचा कोप’ असा काढू नका.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुणे जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव मूळच्या ब्युटीशियन. त्यांनी दोनशेहून अधिक महिलांच्या जटा काढल्या आहेत. या कामात कात्री चालवायला थोडाच वेळ लागतो. त्याआधीचं बोलणं मात्र लांब चालतं. बाईच्या मनात भीती असते, “मी कापली आणि घरात काही वाईट झालं तर?” नवरा, सासू, शेजारी यांचीही समजूत घालावी लागते. होकार बाईचाच लागतो.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. पोलंडमध्ये जटा इतक्या होत्या की वैद्यकशास्त्रात त्यांना ‘प्लायका पोलोनिका’ असंच नाव पडलं. जट शरीरातला रोग बाहेर ओढते, ती कापली तर आंधळेपण किंवा वेड येतं, असं तिथे लोक मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिटल यांनी पाहणी करून हा निव्वळ अस्वच्छतेचा परिणाम असल्याचं दाखवलं आणि जटांविरुद्ध मोहीम उघडली. त्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. त्यांच्या जागी कुठलाही नवा रोग आला नाही.

घरात कुणाला जट असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. नवा, बोटभर गुंता असेल तर भरपूर कंडिशनर किंवा तेल लावून, दोन-तीन बैठकांत बोटांनी सोडवता येतो. जुनी, कडक जट सुटत नाही, कापावीच लागते. टाळूवर जखम, पू किंवा खूप उवा असतील तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. चमत्काराचा दावा करून कुणी फसवत किंवा धमकावत असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होऊ शकतो. त्यासाठी पोलीस ठाण्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

मग ड्रेडलॉक्स म्हणजे जटच ना?

दिसायला सारखं वाटलं तरी फरक मोठा आहे. जगभरातल्या अनेक कृष्णवर्णीय स्त्रिया ‘लॉक्स’ ठेवतात. त्या आपल्या मर्जीने ठेवतात, नियमित धुतात, मुळाशी सांभाळतात आणि वाटेल तेव्हा कापतात. देवीच्या नावाने लादलेल्या जटेत यातलं काहीच नसतं.

या स्त्रियांना केसांसाठी मोठा लढा द्यावा लागला. १७८६ मध्ये स्पेनच्या ताब्यातल्या लुइझियानात गव्हर्नरने कृष्णवर्णीय स्त्रियांना केस फडक्याखाली बांधायला लावलं. त्यांनी त्याच फडक्यांचे रंगीत, डौलदार फेटे बांधले. पुढे नोकरी आणि प्रतिष्ठेसाठी केस सरळ करणं जवळजवळ सक्तीचं झालं. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीत ‘अ‍ॅफ्रो’ अभिमानाने मिरवला गेला. तरीही शाळेतून घरी पाठवणं, नोकरी नाकारणं सुरूच राहिलं. शेवटी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने ‘क्राउन अ‍ॅक्ट’ केला. नैसर्गिक केसांवरून किंवा लॉक्स, वेण्यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. आज आपण पाहतो ते कुरळ्या केसांचे बरेचसे रील आणि जेल-क्रीमची बाजारपेठ याच चळवळीतून पुढे आली आहे.

पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले तर?

तो प्रत्येकीचा निर्णय आहे. पण त्यात काय असतं हे माहीत हवं. रीबाँडिंग, स्मूदनिंगमध्ये रसायनांनी केसातले गंधकाचे बंध तोडून ते सरळ स्थितीत पुन्हा जोडतात. ‘केराटिन’ नावाने होणाऱ्या काही उपचारांत गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग करणारा पदार्थ म्हणून नोंदवला आहे. बाटलीवर त्याचं नाव ‘फॉर्मलिन’ किंवा ‘मिथिलीन ग्लायकॉल’ असंही असू शकतं.

२०२२ मध्ये अमेरिकेत ३३,४९७ महिलांच्या सुमारे ११ वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांपैकी सत्तरीपर्यंत १.६४ टक्के महिलांना गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता दिसली. ती वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के होती. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि एकूण धोका कमीच आहे. वारंवार म्हणजे वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा.

‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ लिहिलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातल्या काहींत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं. त्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. उपचारानंतर उलट्या, पाठीत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि केसांना काय लावलं तेही सांगा. गरोदरपणात हे उपचार टाळा. आणि मुळाशी उगवणारा नवा केस कुरळाच येणार, हे गृहीत धरा.

बाईच्या केसांवर हक्क कोणाचा?

या प्रश्नाचा एक मोठा धागा दौंड तालुक्यातच सापडतो. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी १९ व्या शतकाच्या शेवटी मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवांना तिथे आसरा मिळाला. दहा वर्षं आधी, १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात रमाबाईंनी दख्खनमधल्या ब्राह्मण विधवांचं डोकं दर पंधरवड्याला कसं भादरलं जातं, हे जगापुढे मांडलं होतं. स्वतः विधवा असलेल्या रमाबाई प्रसिद्ध छायाचित्रांत आखूड केसांत दिसतात. १९२२ मध्ये केडगावातच त्यांचं निधन झालं.

१८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं.

त्या काळी धर्माच्या नावाने काही बायकांचे केस जबरदस्तीने काढले जात. जटेच्या बाबतीत काही बायकांना केस काढूच दिले जात नाहीत. कृती उलटी असली तरी दोन्हीकडे जिचे केस आहेत तिला विचारलं जात नाही. “अशा झिपऱ्यांनी लग्नात उभी राहणार का, सरळ करून घे” हे वाक्य त्या मानाने सौम्य आहे, पण तिथेही निर्णय दुसऱ्याचाच असतो.

घरात कुरळ्या केसांची लहान मुलगी असेल तर?

- केस धुण्याच्या दिवशी अर्धा तास काढा. कंडिशनर लावून, टोकाकडून, बोलत-बोलत विंचरा. मानेजवळचा आणि कानामागचा भाग आधी पाहा, गुंता तिथेच सुरू होतो.
- शाळेत दोन वेण्या सक्तीच्या असतील तर सैल घाला. घरी आल्यावर सोडा.
- उवा झाल्या तर ओल्या, कंडिशनर लावलेल्या केसांत बारीक फणी फिरवा. कोरड्या केसांत ओढू नका.
- ‘भुतासारखे केस’, ‘घरटं’ असं चेष्टेतही म्हणू नका. मुली हे विसरत नाहीत.
- कितीही गुंता झाला तरी “जट आली” म्हणून सोडून देऊ नका. नवा असेल तर सोडवा. नाहीच सुटला तर तेवढा भाग कापा. तिथे पुन्हा केस येतील, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर.

आणि हे सगळं करताना मुलगी मोठी होत असेल तर तिलाच विचारा, तुला केस कसे ठेवायचे आहेत?